ब्रदर आशीर्वादमची साक्ष

पुष्पांजलीला पहिल्याच दिवशी बजावून ठेवलं होतं की माईकवर तिनं स्वतःचं म्हणून काही बोलायचं नाही. ब्रदर आशीर्वादम तेलुगूत बोलणार, तिनं ते लगोलग आपल्या भाषेत बोलायचं. ते "मी" म्हणाले की तिनंही "मी"च म्हणायचं. "ब्रदर असं म्हणतात" वगैरे मध्ये घुसडायचं नाही, त्यानं सभेचा रंग जातो. ते ओरडले की ओरडायचं, ते कुजबुजले की कुजबुजायचं. थोडक्यात, तीन दिवस तिनं ब्रदरचं तोंड व्हायचं होतं.

आता तिशी ओलांडलेली, दवाखान्यात भल्याभल्यांना दटावून सुई टोचणारी नर्सबाई माईकवर "मी लई दारू पेत होतो, मी बायकोले मारत होतो" असं ठणकावून सांगायला लागली, तर पोरं खिदळणारच. पहिल्या दिवशी खिदळली. दुसऱ्या दिवशी मात्र कुणी हसलं नाही. तोवर लोक विसरूनच गेले होते की ही कडूबाची पुष्पा आहे. ब्रदर हातवारे करायचे आणि आवाज तिच्या बाजूनं यायचा, लोकांना ते एकच माणूस वाटायला लागलं होतं. तिलाही मनातून बरं वाटत होतं. तेलंगणातल्या मिशन दवाखान्यात शिकायला म्हणून गेली आणि नोकरी करत राहिली, त्या वर्षांत कमावलेली तेलुगू इथं खामगावात कुणाच्या उपयोगी पडेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

चर्चची मंडळी छोटीच. नांदुरा रस्त्यावरच्या वस्तीत पत्र्याचं प्रार्थनामंदिर, पुढं अंगण आणि अंगणात उज्जीवन सभेचा मंडप. जळगाव जामोदहून, धामणगाव बढेहून माणसं एस.टी.नं आलेली. मंडप आणि साऊंड कय्यूमभाईचा. त्याला सभेतलं काही कळो न कळो, ब्रदरचा आवाज चढायला लागला की तो आपोआप बटण फिरवायचा.

ब्रदर आशीर्वादम गुंटूरकडचे. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस, अंगात पांढरा शर्ट, पायात साधी रबरी चप्पल. एके काळी ट्रक चालवायचे, दारूत बुडालेले होते, मग प्रभू भेटला, स्टिअरिंग सुटलं आणि हातात पवित्र शास्त्र आलं, एवढं त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं होतं. तेव्हापासून गावोगाव सुवार्ता. बाजारात, झाडाखाली, शाळेच्या पटांगणात, चार माणसं जमतील तिथं. कुठं हार मिळाले, कुठं दगड खाल्ले. कपाळावरची खूण दाखवून ते हसत म्हणाले होते, "हा दगड फार प्रेमानं मारला होता."

पुष्पांजलीनं दवाखान्यात प्रचारक पुष्कळ पाहिले होते. पेशंटच्या डोक्यावर हात ठेवून तापाला दरडावणारे आणि जाताना हळूच स्वतःसाठी गोळी मागणारे. हा माणूस तसा नव्हता. अन्नपूर्णाबाईनं पुढं येऊन विचारलं, आता प्रार्थना झाली, इन्शुलिन बंद करू का? तर ब्रदरनी भर सभेत तिचे कान उपटले. म्हणाले, तेही देवानंच दिलं आहे, गुपचूप टोचून घे. त्या वाक्याला पुष्पांजलीनं त्यांना आपला माणूस मानून टाकलं.

आणि आईमुळेही. विमलबाई, तिची आई, सभा सुरू झाल्यापासून पहिल्या रांगेत सतरंजीवर बसत होती, टेबलाला लागून. माठातलं गार पाणी तांब्यात, तांब्यावर फुलपात्र पालथं, ही तिची सेवा. ब्रदर बोलता बोलता हात पुढं करून "नीळ्ळु" म्हणायचे, ती फुलपात्र भरून द्यायची. अख्ख्या तेलुगूतला हा एवढा एक शब्द ती शिकली. घरी जेवायला बसली की लेकीला म्हणायची, "नीळ्ळु दे वो बाई," आणि तोंडाला पदर लावून हसायची. आई हसतेय हे बघून पुष्पांजलीला भरून यायचं. कारण सभेचा शेवटचा दिवस शनिवार होता, दुसऱ्या दिवशी झावळ्यांचा रविवार, आणि वर्षातल्या या दिवसांत आई कधी हसत नसे.

कडूबा, पुष्पांजलीचे वडील, जिनिंगमध्ये कामाला होते आणि मंडळीचे वडील म्हणजे पंच होते. झावळ्यांच्या रविवारी येशूच्या नावानं फिरवायला हिरव्या झावळ्या लागतात. त्या नाल्यावरच्या शिंदीच्या झाडांवरून तोडून आणायचं काम दर साली कडूबांचं. अठरा वर्षांपूर्वी त्या शनिवारी ते असेच सायकल घेऊन गेले आणि रस्त्याच्या कडेला मेलेले सापडले. कोणती गाडी उडवून गेली ते कळलं नाही. अंगाला दारूचा भपकारा येत होता आणि हाताशी बाटली होती.

एवढं लोकांना पुरलं. शिंदीच्या झाडाकडे गेलेला माणूस, झाडाखाली मिळते ती प्यायल्याशिवाय थोडाच येतो, आणि मग वर बाटलीही चढवली असेल! पोलिसांनी तेच लिहिलं. पाळक भगवानराव तेव्हा नवे होते, नव्या पाळकाला शिस्तीचा सोस असतो. झावळ्या आणायला गेलेला पंच पिऊन मेला, त्याची शवपेटी मंदिरात घेणार नाही, म्हणाले. पेटी बाहेर फाटकाशी ठेवून दोन ओळींची प्रार्थना आटोपली आणि दफनभूमीत सगळ्यांपासून लांब, काटेरी कुंपणाजवळ जागा दिली. विमलबाई कळवळून सांगत राहिली, त्यानं जन्मात थेंब घेतला नाही, मी त्याची बायको हाये, मले नाई माहीत काय? लोक मान हलवायचे. बायका असंच म्हणतात, असा त्या मान हलवण्याचा अर्थ. पुढं दर साली या सुमाराला भगवानराव उपदेशात "एक पंच होता" म्हणून दाखला द्यायचे. नाव घ्यायचे नाहीत, फार सभ्य माणूस! विमलबाईनं मंदिर सोडलं नाही, पण त्या रविवारी हातात झावळी मात्र तिनं पुन्हा कधी धरली नाही.

शनिवारची सभा सकाळची होती. मंदिराच्या दाराशी उद्याच्या झावळ्यांचा ढीग पडला होता आणि ऊन आत्ताच तापायला लागलं होतं. शेवटच्या दिवशी ब्रदर आपली साक्ष देणार होते. साक्ष म्हणजे आपण कोण होतो आणि देवानं आपल्याला कुठून उचललं ते चारचौघांत सांगणं. ब्रदरनी तिला एवढंच सांगितलं होतं, "आज घाबरू नकोस. जसं आहे तसं सांग."

"मी ट्रक चालवायचो," ब्रदरनी सुरुवात केली आणि हवेत स्टिअरिंग धरलं. "मिरचीच्या गोण्या भरायच्या आणि निघायचं. एका हातात स्टिअरिंग, एका हातात बाटली."

"मी टरक चालोत होतो," पुष्पांजली म्हणाली. "एका हातात स्टेरिंग, एका हातात बाटली."

सभेनं चक् चक् केलं. ब्रदरचं घोडं आता रस्त्याला लागलं होतं. ही साक्ष त्यांनी शंभर ठिकाणी दिली असणार. कुठं थांबायचं, कुठं गुडघ्यावर यायचं, सगळं बसलेलं होतं.

"ही गोष्ट मी आजवर आमच्याकडे सांगत आलो, तेव्हा 'लांबचा एक रस्ता' म्हणायचो. आज देवानं मला त्याच रस्त्यावर आणून उभं केलं आहे. खामगावात माल उतरवला आणि मी नांदुऱ्याकडे निघालो. हाच रस्ता!"

"हाच रस्ता!" पुष्पांजलीनं फाटकाकडे बोट दाखवलं. लोक वळून बघायला लागले.

"सूर्य बुडत होता. पुढं एक सायकलवाला चालला होता. त्याच्या कॅरियरवर लांब हिरव्या पानांचा भारा होता. पानांची टोकं रस्ता झाडत चालली होती."

"पुढं एक सायकलवाला जाऊन राह्यला होता. क्यारेजवर लांब हिरव्या पानायचा भारा. पानं रस्ता झाडत..."

शब्द तोंडातून गेले आणि मग तिला ते ऐकू आले. त्याआधी नाही. तीन दिवस शब्द आत आले की बाहेर टाकायचे, मध्ये थांबवायचे नाहीत, अशी सवय जडली होती. हातातला माईक एकदम जड झाला. समोर आईनं मान वर केली होती आणि ती लेकीकडे बघत होती.

ब्रदरचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. ते रंगात आले होते. "धडक बसली! मी खाली उतरलो. तो कडेला पडला होता. मेला नव्हता. माझ्याकडे बघत होता." आणि ते टेबलापाशी अर्धे वाकले, एक हात वर उचलला आणि त्या पडलेल्या माणसाच्या घोगऱ्या आवाजात म्हणाले, "नीळ्ळु... नीळ्ळु..."

पुष्पांजली गप्प झाली.

मंडप थांबला. सगळ्यांना फक्त ब्रदरचा वाकलेला हात दिसत होता. कय्यूमभाईला वाटलं वायर निघाली, त्यानं स्पीकरवर एक थाप मारली. पाळक भगवानराव खुर्चीतून पुढं झुकले. "बाई, काय म्हणाले ब्रदर? सांगा ना. पवित्र आत्म्याचं काम अडवू नका."

काय सांगायचं? आपला बाप जिवंत होता, हे? आई अठरा वर्षं एकाच गोष्टीवर तगून होती. पोलीसपाटलानं तेव्हा तिला म्हटलं होतं की बाई, जागीच गेला, त्याले काही समजलं नाई. तेवढ्या एका वाक्यावर ती म्हातारी रात्री झोपत होती. ते वाक्य आता लेकीनं, भर सभेत, माईकवर, "मी" म्हणून काढून घ्यायचं?

"मी खाली उतरलो," ती म्हणाली. "तो... तो जागीच गेला होता."

पण विमलबाई तिच्याकडे बघत नव्हती. ती टेबलावरच्या तांब्याकडे बघत होती.

ब्रदर ताठ उभे राहिले. "माझ्या सीटखाली दारूची बाटली होती. ती मी त्याच्या शर्टावर ओतली, तोंडावर ओतली आणि बाटली त्याच्या हाताशी ठेवली. लोकांनी म्हणावं दारुड्या होता, स्वतःच्या कर्मानं मेला. असा सैतान होतो मी!" आणि ठरल्या जागी ते धाडकन गुडघ्यावर आले.

म्हणजे एवढंच होतं तर! अठरा वर्षांची मान खाली, शाळेत पोरींनी नाक दाबून दाखवलेलं, काटेरी कुंपणाजवळची माती, सगळं या माणसाच्या अर्ध्या बाटलीतून निघालं होतं. आणि तो ते सांगत होता जोरकस, रंगवून, मधून मधून वर बघत. बाबा त्याच्या साक्षीतलं एक वळण होते फक्त. संताप पुष्पांजलीच्या डोळ्यांत उतरला. हे मात्र ती गाळणार नव्हती.

"माया सीटखाली दारूची बाटली होती!" ती ब्रदरपेक्षा मोठ्यानं ओरडली. कय्यूमभाईनं सवयीनं बटण फिरवलं आणि आवाज रस्त्यापलीकडे गेला. "ती मी त्याच्या अंगावर ओतली! त्याच्या तोंडावर ओतली! बाटली त्याच्या हाताशी ठेवली! लोकायनं म्हनलं पाह्यजे का दारुड्या होता! तो दारुड्या नोहता! त्यानं थेंब घेतला नोहता!"

"हालेलुया!" सभेनं आरोळी दिली. इतका पापी आणि इतका वाचला! सगळ्यात आधी हात वर गेले ते भगवानरावांचे.

ब्रदर गुडघ्यावरूनच म्हणत होते, त्या माणसाचं नाव मला आजही माहीत नाही, पण देवाला माहीत आहे.

"तो माया बाप होता!" पुष्पांजली म्हणाली.

मंडपात हुंदक्यांची लाटच आली. "सोताचा बाप! बाप्पा बाप्पा, सोताच्या बापाले!" लोकांना वाटलं ब्रदरच बोलतायत. ती तीन दिवस त्यांचं तोंड होती, तिचं स्वतःचं तोंड कुणाच्या ध्यानातच नव्हतं. अन्नपूर्णाबाई ऊर बडवून रडायला लागली. ढोलकीवाल्यानं थाप दिली. कुणी ब्रदरच्या पाठीवर हात ठेवायला पुढं धावलं. बाप मारला आणि देवानं तरीही पदरात घेतला, याहून मोठी साक्ष ती काय!

पुष्पांजली त्या गर्दीकडे बघतच राहिली. माईकवर एकदाच स्वतःचं बोलली आणि तेही दुसऱ्याच्या खात्यात गेलं. तिनं माईक टेबलावर ठेवला. ठक्क करून स्पीकरमधून आवाज झाला आणि ढोलकी थांबली.

"मी बोलून राह्यली," ती उघड्या गळ्यानं म्हणाली. "ब्रदर नाई. मी, पुष्पा. कडूबाची पोरगी. तो सायकलवाला माया बाप होता."

बाहेरगावचे लोक एकमेकांना विचारायला लागले, माईक गेला काय, ब्रदर काय म्हणून राह्यले? वस्तीतली माणसं मात्र विमलबाईकडे बघायला लागली. भगवानरावांचे वर गेलेले हात तिथंच राहिले होते. ते त्यांनी हळूहळू खाली घेतले आणि कुठं ठेवावेत ते न कळून मांडीखाली घातले.

विमलबाई उठली. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश. पुढं येणाऱ्या माणसाला सभेत वाट देतात, प्रार्थना मागायला आली असेल म्हणून. तशी सगळ्यांनी दिली. पाळकांसमोर ती थांबली.

"भगवानराव, आयकलं काय?"

उत्तराची तिनं वाट बघितली नाही. ती टेबलापाशी आली, लेकीजवळ.

"पुष्पे. त्यानं पानी मांगलं काय?"

"आई..."

"मले तो एकच सबुद येते, बाई. नीळ्ळु म्हनला तो. तुया बापानं पानी मांगलं काय?"

पुष्पांजलीला होकारार्थी मान हलवावी लागली.

"मंग इचार त्याले. देलं काय?"

ब्रदर अजून गुडघ्यावरच होते. काहीतरी वेगळं चाललंय एवढं त्यांना कळलं होतं. पुष्पांजली खाली वाकली आणि तेलुगूत म्हणाली, "ही त्या सायकलवाल्याची बायको. मी त्याची मुलगी. आई विचारते, तू त्याला पाणी दिलंस का?"

तिनं पहिल्यांदाच त्यांना "तू" म्हटलं होतं. आशीर्वादमच्या चेहऱ्यावरून साक्ष पुसली गेली. इतकी वर्षं ज्या माणसाला नाव नव्हतं त्याची बायको पाण्याच्या तांब्याशेजारी समोर उभी होती, आणि तीन दिवस तिच्याच हातचं पाणी तो पीत होता. त्याचे ओठ हलायला लागले. पण आता तो वक्ता राहिला नव्हता. तो पुटपुटला, "गाडीत पाण्याचा कॅन भरलेला होता, अम्मा. सीटच्या मागेच. मी दिलं नाही. पाणी दिलं आणि तो जगला, तर माझा नंबर सांगेल असं वाटलं. मी उभा राहून बघत होतो. बराच वेळ लागला."

मग त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

अख्ख्या मंडपात पुष्पांजलीशिवाय ते शब्द कळलेलं दुसरं माणूस नव्हतं. कॅन भरलेला होता. उभा राहून बघत होता. बराच वेळ लागला.

"काय म्हनते?" आईनं विचारलं.

तीन दिवसांत, आणि त्याआधी दवाखान्यात वर्षानुवर्षं, डॉक्टरचं पेशंटला आणि पेशंटचं डॉक्टरला सांगताना तिनं सरळसरळ खोटं कधी सांगितलं नव्हतं. मघाशी सांगून बघितलं तर एका शब्दानं ते पकडलं गेलं होतं. या वेळी आईला नीळ्ळुखेरीज एकही शब्द कळला नव्हता.

"देलं म्हनते," ती म्हणाली. "गाडीत कॅन होती म्हनते. डोकं मांडीवर घेऊन पाजलं. दोन घोट पेले बाबा, आन मंग गेले."

विमलबाईनं डोळे मिटले. तिनं लेकीच्या खांद्याचा आधार घेतला. वस्तीतल्या दोघी-तिघी पदर तोंडाला लावून रडत होत्या. आशीर्वादमचे खांदे हलत होते आणि लोकांना वाटत होतं, पाणी पाजल्याचं आठवून रडतोय.

"पेला ना," आई म्हणाली. "कोरड्या तोंडानं नाई गेला."

"नाई."

विमलबाईनं डोळे पुसले आणि गुडघ्यावरच्या त्या माणसाकडे बघितलं. "मंग सांग त्याले. म्हनाव, विमलबाईनं माफ केलं. बाटलीचंबी माफ केलं. दोन घोट पाजले ना त्यानं, म्हून." मग तांब्याकडे हात दाखवून म्हणाली, "आन पानी दे त्याले. घसा सुकला असंन."

आशीर्वादमनं तोंडावरचे हात काढले. म्हातारी काहीतरी बोलली हे त्याला कळलं होतं. तो पुष्पांजलीच्या तोंडाकडे बघत राहिला, दवाखान्यात रिपोर्ट ऐकायला थांबलेली माणसं बघतात तसा.

तिनं फुलपात्र सुलटं केलं, काठोकाठ भरलं आणि त्याच्या हातात दिलं. तोंडाला लावताना त्याच्याकडून अर्धं शर्टावर सांडलं. उरलेलं तो प्यायला आणि पुन्हा तिच्या तोंडाकडे बघायला लागला. ती एक अक्षर बोलली नाही.

"सांगतलं काय त्याले?" आईनं विचारलं.

"हाव," पुष्पांजली म्हणाली आणि आईचा हात धरून मंडपाबाहेर निघाली.